मांटा : एका बदनाम माशाचा इतिहास

ज्यांची काही वर्षे न्यायालयाच्या आवारात गेली आहेत त्यांस एक गोष्ट चांगली ठाऊक असते. आरोपीच्या नावामागे ‘उर्फ’ लागून एखादे भयंकर टोपणनाव आले, की साक्षीपुराव्यास आरंभ होण्यापूर्वीच निम्मा खटला त्याच्याविरुद्ध गेलेला असतो. ते टोपणनाव कोणी ठेवले, कशावरून ठेवले, ठेवणाऱ्याने आरोपीस प्रत्यक्ष पाहिले होते की नाही, हे विचारण्याचे भान मग फारसे कोणास राहत नाही. आज ज्या प्राण्याची हकीकत वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे, त्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो माणूस नव्हे, मासा आहे. पण त्याच्यावर आरोप झाले, त्यास शिक्षाही झाली, आणि त्याची बाजू ऐकून घेण्यास जगास सुमारे दोनशे वर्षे लागली. त्या माशाचे नाव मांटा.

गोव्यातील व कोकणपट्टीतील वाचकांस वागळे अथवा पाकट हा मासा नवा नाही. चपटे अंग, दोन्ही बाजूंस पंखांसारखे पसरलेले पर आणि मागे चाबकासारखी शेपटी, हे त्याचे रूप बाजारात सर्वांनी पाहिलेले असते. त्याच्या शेपटीवरील काट्याचा दंश किती दुःसह असतो, हे एखाद्या जुन्या रापणकारास विचारावे. मांटा हा याच मोठ्या कुळातील आहे. परंतु दोन गोष्टींत तो आपल्या या आप्तांहून अगदी निराळा. एक म्हणजे त्याचा आकार. मांटाच्या ज्या जाती आहेत त्यांतील खुल्या महासागरात फिरणारी जात एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत सात मीटर, म्हणजे सुमारे तेवीस फूट रुंद होऊ शकते. प्रवाळबेटांच्या आसपास राहणारी दुसरी जात त्याहून लहान. तरी तीही तीन-चार मीटर सहज भरते. दुसरी गोष्ट अशी, की दंश करील असा काटा मांटापाशी नाही. मोठे दात नाहीत, विष नाही, वीज नाही. शार्कप्रमाणे त्याच्या अंगात हाडांऐवजी कूर्चा असते. त्याच्यापाशी आहेत ते दोन विशाल पंख, आणि तोंडाच्या दोन्ही अंगांस असलेले दोन लांबट, मांसल पर. हे दोन पर गुंडाळले म्हणजे शिंगांसारखे दिसतात. याच दोन ‘शिंगां’नी बिचाऱ्याचा घात केला.

१

मांटाविरुद्धची जुनी व सर्वांत प्रसिद्ध साक्ष एका थोर स्पॅनिश विद्वानाची आहे. आंतोनियो दे उयोआ व होर्हे हुआन हे दोघे नौदलाचे तरुण अधिकारी १७३५ साली दक्षिण अमेरिकेस निघाले. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या गोलाचे मोजमाप करण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञांची जी मोहीम गेली, तिच्यासमवेत ते होते. या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वर्णन १७४८ साली माद्रिद येथे प्रसिद्ध झाले. त्यात पनामाच्या आखातातील मोत्यांच्या व्यवसायाचे वर्णन आहे. तेथे समुद्रतळाशी बुडी मारून शिंपले काढण्याचे काम आफ्रिकी गुलामांकडून करवून घेतले जाई. या बुडी मारणाऱ्यांस दोन शत्रू, असे उयोआ सांगतो; एक शार्क व दुसरा मांटा. मांटा हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ घोंगडे किंवा पांघरूण. हा मासा घोंगड्यासारखा रुंद, आणि तो माणसास आपल्या पंखांत गुंडाळून दाबून मारतो. म्हणून प्रत्येक पाणबुड्यापाशी धारदार सुरी असे, आणि होडीवरील मुकादम मांटा दिसताच दोरी हलवून खाली इशारा देई, असा त्या वर्णनाचा आशय आहे.

या साक्षीची उलटतपासणी करण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. उयोआ हा खोटे बोलणारा मनुष्य नव्हता. पुढे तो लुइझियानाचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर झाला, आणि शास्त्रज्ञ म्हणूनही त्याची ख्याती मोठी होती. परंतु तो स्वतः पाण्यात उतरला नव्हता. त्याने जे लिहिले ते किनाऱ्यावर ऐकलेले होते, आणि ऐकीव पुराव्याची किंमत काय, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही माहीत असते. पाण्यात उतरणारे जे गुलाम, त्यांची जबानी कोणी लिहून घेतली नाही. दिवसभर श्वास कोंडून खोल पाण्यात उतरणारा माणूस वर आलाच नाही, तर त्याचे कारण अनेक असू शकते: दमलेले शरीर, तुटलेला दम, खडकात अडकलेली दोरी. ही कारणे मान्य केली असती तर दोष मालकाकडे गेला असता. मांटाने गिळले वा दाबले असे म्हटले, की दोष समुद्राकडे जातो. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण ज्या आरोपाने कोणाची तरी सोय होते, तो आरोप दोनदा तपासून घ्यावा, एवढे तरी आमच्या व्यवसायाने आम्हांस शिकविले आहे.

२

आरोपानंतर आले ते नामकरण. जर्मनीतील ल्यूबेक या गावी योहान युलिउस वाल्बाउम नावाचा वैद्य राहत असे. माशांविषयीच्या एका जुन्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती त्याने १७९२ साली काढली, आणि तीत या माशास ‘बिरॉस्ट्रिस’, म्हणजे दोन चोचींचा, असे लॅटिन नाव दिले. हे नाव निदान सौम्य होते. जमैका बेटात राहणाऱ्या एडवर्ड नॅथॅनिएल बँक्रॉफ्ट या इंग्रज वैद्याने १८२९ साली जो निबंध लिहिला त्याच्या शीर्षकातच, जमैकात ‘समुद्रसैतान’ म्हणून ओळखला जाणारा मासा, असा उल्लेख आहे. ‘मांटा’ हा शब्द शास्त्रात रूढ झाला तो या निबंधापासून. पण त्याच्याच जोडीला ‘सैतान’ही रूढ झाला. इंग्रजी बोलणाऱ्या खलाशांच्या तोंडी पुढे तेच नाव राहिले.

तिसरे नामकरण ऑस्ट्रेलियात झाले, आणि त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. व्हिक्टोरिया राणीचा दुसरा मुलगा राजपुत्र आल्फ्रेड हा १८६७-६८ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. सिडनीजवळ त्याच्यावर गोळी झाडली गेली, पण तो बचावला. सिडनीच्या वस्तुसंग्रहालयाचा प्रमुख गेरार्ड क्रेफ्ट याने त्याच वर्षी तेथे सापडलेल्या एका मांटास राजपुत्राचे नाव दिले. ती ‘आल्फ्रेडी’ जात. हाच राजपुत्र १८७० साली मुंबईस आला असता त्याच्या हस्ते खलाशांसाठी बांधावयाच्या एका विश्रामगृहाची कोनशिला बसविण्यात आली, आणि त्या वास्तूस त्याचेच नाव मिळाले. १९२८ पासून पुढे अनेक वर्षे मुंबईचे विधिमंडळ याच वास्तूत भरत असे. १९८२ नंतर ती राज्याच्या पोलीस खात्याचे मुख्यालय झाली. मुंबईतील एक भव्य दगडी इमारत आणि प्रवाळबेटांतला एक मूक मासा, दोघांचे नाव एकाच राजपुत्रावरून पडावे, हा योग विलक्षण खरा!

क्रेफ्टचा पुढील इतिहास मात्र दुःखद आहे. संग्रहालयाच्या विश्वस्तांशी त्याचा बेबनाव झाला. १८७४ साली त्यांनी त्यास पदच्युत केले. तो आपल्या खुर्चीवरून उठेना, तेव्हा दांडग्या माणसांकडून खुर्चीसकट उचलून त्यास रस्त्यावर नेऊन ठेवण्यात आले. त्याने न्यायालयात दाद मागितली, पण त्याची जागा त्यास परत मिळाली नाही. त्याने नाव दिलेल्या माशाचेही असेच झाले. पुढील शास्त्रज्ञांनी ती निराळी जात मानण्याचे सोडले, आणि जगात मांटाची एकच जात आहे असे विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक ग्रंथांत लिहिले जाई. २००९ साली अँड्रिया मार्शल व तिच्या सहकाऱ्यांनी रंग, दात, कातडी व शेपटीजवळील खुणा तपासून दोन जाती खरोखरच भिन्न असल्याचे दाखवून दिले. एकशे एक्केचाळीस वर्षांनी क्रेफ्टचे म्हणणे मान्य झाले. २०१७ साली अनुवंशाच्या परीक्षेवरून ‘मांटा’ ही स्वतंत्र प्रजातीच शास्त्रज्ञांनी मोडली आणि या माशांस ‘मोब्युला’ या जवळच्या प्रजातीत घातले. लोकव्यवहारात मात्र मांटा हे नाव कायम आहे, आणि आम्हीही तेच वापरीत आहोत.

३

नाव सैतान पडल्यावर शिक्षा ओघानेच आली. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना प्रांतात विल्यम एलियट नावाचा एक धनाढ्य मळेवाला होता. १८४६ साली त्याने आपल्या मृगयेच्या हकीकतींचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पोर्ट रॉयलच्या खाडीत समुद्रसैतानाची शिकार कशी करावी याचे रसभरित वर्णन आहे. होडीतून भाला मारावयाचा, भाल्याची दोरी होडीस बांधलेली ठेवावयाची, आणि जखमी मासा होडी ओढीत समुद्राकडे धावू लागला म्हणजे त्या वेगाचा आनंद लुटावयाचा, असा तो खेळ. मांसाची गरज नाही, तेलाची नाही, केवळ कौतुक. सत्तर वर्षांनंतरही हा प्रकार संपला नव्हता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१७ साली फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर भाल्याने मांटाची शिकार केली आणि एका मासिकात तिची हकीकत लिहिली. विशेष म्हणजे, हेच रूझवेल्ट वन्यप्राण्यांसाठी अभयारण्ये राखून ठेवणारे राज्यकर्ते म्हणून प्रसिद्ध आहेत. सत्पुरुषाच्याही दयेची सीमा किनाऱ्यापाशी संपत असे, याचे हे उदाहरण होय.

येथे एक आक्षेप निघेल. होड्या ओढून नेणारा, नांगराच्या दोरीसकट गलबत हलविणारा मासा भयंकर नाही तर काय? खलाशांच्या अशा गोष्टी सर्वस्वी खोट्या नव्हेत. पण त्यांचे कारण आज आपणांस ठाऊक आहे. मांटास मागे पोहता येत नाही. तो सतत पुढे जात राहतो, कारण पुढे जाताना कल्ल्यांतून वाहणारे पाणी हाच त्याचा श्वास. तोंडाजवळ दोरी आली तर तो माघार घेऊ शकत नाही. पुढे जाऊन, कोलांटी घेऊन सुटण्याची धडपड करतो, आणि दोरी अधिकच गुरफटते. खलाशांनी ज्यास हल्ला म्हटले, ती त्या प्राण्याची सुटकेची धडपड होती. आजही होड्यांच्या दोरांत आणि जाळ्यांत अडकून कितीतरी मांटा गुदमरून मरतात.

४

या खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभे राहिले ते फार उशिरा. माणसास पाण्याखाली डोळे उघडे ठेवून श्वास घेता येऊ लागला तेव्हा. ऑस्ट्रियाचा हान्स हास हा त्यांतील एक अग्रेसर. १९४९ व १९५० साली सुदानच्या किनाऱ्याजवळ तांबड्या समुद्रात त्याने बुड्या मारल्या, मांटाच्या समीप जाऊन त्यांची छायाचित्रे घेतली, चित्रपट काढला, आणि १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकास मांटाचेच नाव दिले. जर्मन शीर्षकात ‘सैतान’ हा शब्द अद्याप होता. पण आत जो प्राणी दिसला तो माणसावर चालून येणारा नव्हता. त्यानंतर सहस्रावधी लोक मांटासमवेत पोहले आहेत. घोंगड्यासारखे गुंडाळून मारल्याचा एकही विश्वसनीय दाखला त्यांच्यापाशी नाही. उलट, हा प्राणी माणसाजवळ येतो, त्याच्या श्वासाचे बुडबुडे पोटावर घेतो, डोळा फिरवून पाहतो आणि निघून जातो, असेच सर्वांचे सांगणे.

तो खातो तरी काय? तर समुद्राच्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. डोळ्यास जेमतेम दिसतील असे. त्या दोन ‘शिंगां’चा उलगडा येथे होतो. भोजनसमयी मांटा ते गुंडाळलेले पर उलगडतो, आणि ते तोंडापुढे धरून पाणी आत वळवितो; जणू दोन तळहातांची ओंजळ. तोंड उघडे ठेवून तो पोहत राहतो. आत शिरलेले पाणी कल्ल्यांतून बाहेर पडते व अन्न मागे राहते. हे गाळण कसे चालते, याचा शोध २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी लावला. आपली पिठाची चाळणी काही वेळाने तुंबते, ती आपटून साफ करावी लागते. मांटाची चाळणी तुंबत नाही. कल्ल्यांतील बारीक पट्ट्यांवरून पाणी जाताना त्यांच्या मागे लहान भोवरे उठतात. अन्नाचे कण पट्टीवर आदळून पुन्हा मुख्य प्रवाहात उसळतात आणि घशाकडे जातात, पाणी मात्र फटींतून निसटते. फटींहून बारीक असलेले कणसुद्धा अशा रीतीने अडविले जातात. चाळणीपेक्षा, सुपात धान्य पाखडणाऱ्या गृहिणीच्या हाताशी याचे साम्य अधिक आहे.

या माशाचा मेंदूही विचार करण्याजोगा आहे. आजवर तपासलेल्या माशांत मांटाचा मेंदू सर्वांत मोठा भरला आहे. आणि त्याच्याभोवती रक्तवाहिन्यांचे असे जाळे आहे, की थंड, खोल पाण्यातही तो उबदार राहू शकतो. ही सोय निरर्थक नाही. न्यू कॅलेडोनियाच्या समुद्रात या माशांस लावलेल्या यंत्रांनी ६७२ मीटर खोलीपर्यंतच्या बुड्यांची नोंद केली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बहामा बेटांतील एका मत्स्यालयात दोन मांटांपुढे आरसा ठेवण्यात आला. ते त्याच्यासमोर वारंवार फिरले, पर उलगडून-मिटून पाहू लागले, बुडबुडे सोडू लागले. पण दुसरा मासा समोर आल्यावर ते जसे वागतात तसे वागले नाहीत. आरशातील रूप आपलेच आहे हे त्यांस कळले, असा प्रयोगकर्त्यांचा निष्कर्ष. इतर शास्त्रज्ञांस तो पुरता मान्य नाही. आम्ही या वादात पडत नाही. परंतु ज्यास आपण दोनशे वर्षे सैतान म्हणत आलो, त्यास स्वत्वाची जाणीव आहे काय, असा प्रश्न विचारण्याची पाळी शास्त्रावर आली, हेच पुष्कळ आहे.

प्रत्येक मांटाच्या पोटावर काळ्या ठिपक्यांची एक रचना असते. ती जन्मभर कायम राहते आणि दोघांची सारखी नसते. आमच्या दस्तऐवजांवरील अंगठ्याच्या ठशाप्रमाणेच. तिच्या आधाराने छायाचित्रांवरून एकेका माशाची ओळख ठेवता येते. एकच मांटा तीस-तीस वर्षांच्या अंतराने पुन्हा भेटल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांचे आयुष्य चाळीस वर्षांच्या घरात वा अधिक असावे, असे मानले जाते. हे मासे ठरावीक खडकांपाशी वारंवार येतात. तेथे लहान-लहान मासे त्यांच्या कातडीवरील व कल्ल्यांतील जंतू वेचून खातात. एवढा अवाढव्य प्राणी त्या चिमुकल्या सेवकांपुढे स्थिर होऊन, तोंड उघडून राहतो. आणि कित्येकदा मागे दुसरे मांटा आपली पाळी येण्याची वाट पाहत घिरट्या घालीत असतात.

५

आता ज्या स्थळाचे वर्णन करावयाचे, त्याचा आमच्या किनाऱ्याशी एका वाऱ्याचा संबंध आहे. लक्षद्वीपाच्या दक्षिणेस मालदीव बेटांची रांग आहे. ज्येष्ठ-आषाढात कोकणावर व गोव्यावर जो नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस घेऊन येतो, तोच मालदीवच्या समुद्रातून प्रवाह घेऊन वाहतो. हा प्रवाह बेटांच्या रांगेस ओलांडून जाताना पूर्वेच्या अंगास खोल पाण्यातील पोषकद्रव्ये वर आणतो. तेथे सूक्ष्म जीवांची समृद्धी होते, आणि तिच्या मागोमाग मांटा येतात. कार्तिकानंतर वारा फिरला, की तेही पश्चिमेच्या बाजूस सरकतात. बा नावाच्या बेटसमूहाच्या पूर्व कडेस हानिफारू हे एक लहानसे आखात आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीस प्रवाह हे अन्न त्या आखातात लोटतो आणि ते तेथे कोंडून राहते. अशा दिवशी शंभर-दोनशे मांटा त्या चिंचोळ्या जागेत जमल्याचे पाहिले गेले आहे. ते एकामागोमाग एक रांग धरतात; कधी रांगेचे वर्तुळ होते आणि त्या वर्तुळाचा प्रचंड भोवरा बनतो; एकमेकांस न आदळता, वर-खाली, थरांवर थर असे ते फिरत राहतात. आम्ही येथे नारळी पौर्णिमेस ज्या सागरास नारळ अर्पण करतो, त्याच सागराच्या दुसऱ्या टोकास, त्याच तिथीच्या भरतीवर ही प्रदक्षिणा चालू असते. २००९ साली मालदीवच्या शासनाने हे आखात संरक्षित केले. २०११ साली बा बेटसमूहास युनेस्कोने जीवावरणक्षेत्र म्हणून मान्यता दिली.

६

इतके झाल्यावर वाचकांस वाटेल, की आरोपी निर्दोष सुटला आणि हकीकत संपली. दुर्दैवाने तसे नाही. सैतान म्हणून होणारी मांटाची हत्या थांबू लागली, तोच दुसऱ्या कारणाने ती वाढली. ज्या कल्ल्यांच्या पट्ट्यांचे वर्णन वर केले, त्या वाळवून औषध म्हणून विकण्याचा व्यापार विसाव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये फोफावला. ग्वांगझो हे त्याचे मुख्य केंद्र. मांटा जसा पाणी गाळतो तशा या पट्ट्या माणसाचे रक्त गाळतील, अशा तऱ्हेची ती समजूत. चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत या औषधास आधार नाही, असे या व्यापाराची पाहणी करणाऱ्यांनी नमूद केले आहे. पूर्वी खोट्या भीतीने मारले, आता खोट्या आशेने मारू लागले. माशाच्या दृष्टीने दोहोंत अंतर काय? या बाजारास माल पुरविणाऱ्या देशांत भारताचेही नाव होते, हे येथे सांगितलेच पाहिजे.

आणि ही हानी भरून येण्यासारखी नाही. सुरमई वा बांगडा लक्षावधी अंडी घालतो. मांटाची मादी दहा-पंधरा वर्षांची झाल्यावर प्रसवक्षम होते. नर तिचा डावा पंख दातांत धरून समागम करतो. नेहमी बहुधा डावाच, आणि त्याचा व्रण तिच्या पंखावर राहतो. गर्भ सुमारे वर्षभर पोटात वाढतो. त्यास नाळ नसते. गर्भाशयातील दुधासारख्या द्रवावर तो पोसला जातो, आणि तोंडाची उघडझाप करून त्याच द्रवातून प्राणवायू घेतो, हे जपानमधील ओकिनावा येथील मत्स्यालयातील मादीच्या तपासणीवरून २०१२ साली प्रसिद्ध झाले. एका वेळी एकच पिल्लू. ते गुंडाळीसारखे बाहेर येते, पंख उलगडते, आणि लगेच स्वतःचे स्वतः पोहू लागते. पुढील पिल्लास दोन ते पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजे उभ्या आयुष्यात एका मादीची संतती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एका जाळ्यात आलेल्या चार माद्या म्हणजे एखाद्या लहान समूहाच्या पुढील पिढीचा ऱ्हास होय. महासागरी मांटाची गणना आज विनाशाच्या धोक्यातील प्राण्यांत होते.

कायद्याने यावर काय केले? २०११ साली स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात महासागरी मांटाचा समावेश झाला. २०१३ साली बँकॉक येथे भरलेल्या परिषदेत दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरील कराराच्या परिशिष्टात मांटाच्या सर्व जाती घेण्यात आल्या, आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून त्या व्यापारावर बंधने आली. त्याच वर्षी इंडोनेशियाने आपल्या सर्व जलप्रदेशात मांटास अभय दिले. भारताने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती करून या व्यापारकरारासाठी स्वतंत्र प्रकरण व अनुसूची जोडली, आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. हे सर्व इष्टच. परंतु कायद्याचे मर्म जाणणारा कोणीही कबूल करील, की खोल समुद्रात रात्री जाळे ओढणाऱ्या होडीवर शिपाई नसतो. जाळ्यात जिवंत मांटा आला असता दोर कापून त्यास सोडावयाचे की ओढून घ्यावयाचे, याचा निर्णय त्या वेळी होडीवरील तांडेलच करतो. तेथे कायदा पोहोचत नाही. पोहोचते ती समजूत.

समजुतीचे सामर्थ्य आमच्या लोकांस नवे नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. त्यातील मोठमोठे मासे ‘देवाचे मासे’ म्हणून कोणी मारीत नाही. शृंगेरीस तुंगेच्या घाटावरही हेच दृश्य दिसते. तेथे पहारा नाही, अनुसूची नाही. तरी जवळच्या इतर पाण्यातील मासे घटले असता हे डोह भरलेले आहेत. श्रीमद्भागवतात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत समुद्र आहे, आणि मासाही आहे. गळाच्या आमिषाने जिभेपायी प्राण गमावणारा म्हणून तो माशाकडून धडा घेतो. मांटा तर आमिषासही भुलत नाही. तो फसतो तो माणसाच्या दोरात व माणसाच्या गैरसमजात.

एका किनाऱ्यावर लोकांनी माशास सैतान म्हटले आणि त्यास भाल्याने टोचून मारणे हा खेळ मानला. दुसऱ्या ठिकाणी लोकांनी माशास देवाचा म्हटले आणि तो तरला. मासे तेच, पाणीही तेच. फरक पडला तो नावाने. मांटा देव आहे असे मानण्याची आवश्यकता नाही. तो एक निरपराध जीव आहे, एवढे कळले तरी पुरे. आमच्या किनाऱ्यावरील देवस्थानांच्या जत्रांस मच्छीमार कुटुंबे श्रद्धेने येतात. होडी पाण्यात लोटण्यापूर्वी ग्रामदैवतास गाऱ्हाणे घालतात. त्या गाऱ्हाण्यात मुलाबाळांच्या क्षेमाबरोबर या मुक्या प्राण्याच्या सुटकेचाही एक शब्द मिळवावा, अशी आमची वाचकांस व देवस्थानांच्या पंचांस नम्र विनंती आहे. दोनशे वर्षे चाललेल्या या खटल्याचा निकाल पुस्तकांत लागला आहे. त्याची अंमलबजावणी समुद्रावर, जाळे ओढणाऱ्या हातांनी व्हावयाची आहे.